तुमच्या गावच्या देवाला हे नाव पडलं कसं?

जन्मापासून भिकारदास मारुतीजवळ राहतोय, पत्ता सांगताना कधी डोक्यातच आलं नाही. परवा लेक म्हणाली, बाबा तो मारुती भिकारी होता का? मग विचारपूस केली तर भिकारदास हा चक्क सावकार निघाला, त्याच्या बागेतला मारुती म्हणून भिकारदास मारुती. पुण्यात जिलब्या, उंटाड्या, पत्र्या, डुल्या असे एकेक मारुती आहेत, पेशवाईत टोपणनावं ठेवायचं खातंच असावं बहुतेक. तुमच्याकडचं सांगा, घरात ऐकलेलं चालेल, उलट तेच हवंय.

—

माझं सासर खुन्या मुरलीधराजवळ. लग्न ठरलं तेव्हा आईला फोनवर पत्ता सांगितला तर पलीकडून आवाजच येईना, मग म्हणाली, "परत सांग, कुठला मुरलीधर?" सासूबाई सांगायच्या की गद्रे सावकारांनी घडवलेली मूर्ती नाना फडणवीसांना हवी होती, त्यावरून चकमक झाली, पहाऱ्यावरचे अरब आणि समोरचे शिपाई बरेच मेले, 1797 सालची गोष्ट. सासरे लगेच मध्ये पडायचे, काही नाही गं, 1899 ला चापेकरांनी द्रविड बंधूंना इथेच मारलं ना, म्हणून. हे भांडण मी वीस वर्षं आमटी वाढत ऐकलंय. माझं मत सासूबाईंकडे, कारण द्रविडांना रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या, त्यात बिचाऱ्या मुरलीधराचा काय संबंध? (हे सासऱ्यांसमोर कधी बोलले नाही.)

—

वाईचा ढोल्या गणपती! मूर्तीच एवढी अवाढव्य की दुसरं नाव सुचणारच नाही. देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. आजोबा मला देवळाच्या मागे न्यायचे आणि भिंत दाखवायचे, माशासारखी निमुळती आहे ती, कृष्णेला पूर आला की पाणी दोन बाजूंना फाकून जावं म्हणून. दर पावसाळ्यात तेच सांगायचे, आणि मी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं करायचो. शाळेत पोरं मलाही ढोल्या म्हणायची, तेव्हा फार राग यायचा, आता वाटतं बरीच मोठी पदवी दिली होती की.

—

आमच्या कोल्हापुरात बिनखांबी गणेश. आत खांब न्हाईत म्हणून बिनखांबी, संपला विषय. "बिनखांबीला थांब, आलोच" म्हणणारा दोस्त मात्र कधीच वेळेवर येत न्हाई.

—

सारसबागेतल्या गणपतीला आमचे आजोबा शेवटपर्यंत तळ्यातला गणपती म्हणत. मी म्हणायचे, आजोबा, चप्पल घालून चालत जातो आपण, तळं कुठाय? पर्वतीच्या पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं, मधल्या बेटावर पुढे 1784 ला सवाई माधवरावांनी गणपती बसवला, आणि मग तळं बुजून बाग झाली, आता देवळाभोवती जेमतेम पाणी उरलंय. आजोबांनीही ते जुनं तळं पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या तोंडचं नाव ते वापरत होते. गंमत म्हणजे आता माझा मुलगाही तेच म्हणतो.

—

खुलताबादचा भद्रा मारुती. श्रावणातल्या शनिवारी आम्ही औरंगाबादहून रात्री पायी निघायचो, पाय सुजायचे, मग मावशी गोष्ट काढायची म्हणजे पोरं रडत नाहीत. भद्रसेन नावाचा राजा भजन गात होता, ते ऐकता ऐकता मारुतीला समाधी लागली आणि तो तिथेच आडवा झाला, म्हणून मूर्ती झोपलेली आणि नाव राजाचं. मी विचारलं, मग याला उठवत का नाहीत? मावशी म्हणाली, भजन अजून चालूय ना. तेवढ्यावर मी पुढचे दोन किलोमीटर चाललो.

—

हे मावशीचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न तयार: उंटाड्या मारुती उंटावर बसतो का? तिथे पूर्वी उंट बांधायचे म्हणतात, तेच सांगितलं. म्हणाली, मग आमच्या सोसायटीतल्या देवाला स्कूटर मारुती म्हणायला हवं.