अनुभव धागा: एका दिवसात उत्तर वेल्स, किल्ले आणि डोंगर

मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा चेस्टरहून सकाळी निघायचं, गाईडसोबत उत्तर वेल्स बघून रात्री परत. ही सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. काय आवडलं, काय राहून गेलं, आईबाबांना झेपलं का, सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही आधी कॉनवीला उतरलो. आठ भक्कम बुरूज, खाली खाडी, आणि गावाभोवतीचा सव्वा किलोमीटरचा तट अजून शाबूत. आमची गाईड तिथलीच. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला तो वेल्श लोकांवर वचक बसवायला. तटाच्या आत वस्ती इंग्रजांची; वेल्श माणसाला तिथे घर करायची बंदी. हे सांगताना तिचा आवाज बदलला. बाबांसाठी किल्ला म्हणजे राजगड, रायगड, म्हणजे आपला. तटावर हात टेकून ते बराच वेळ उभे राहिले. "म्हणजे हा गनिमाचा," एवढंच बोलले.

* * *

त्याच कॉनवीची पुढची गोष्ट सांगतो. १४०१ च्या गुड फ्रायडेला बरीचशी शिबंदी प्रार्थनेला गेली होती. तेवढ्यात वेल्श ट्यूडर भावांची माणसं सुतार बनून आत शिरली आणि किल्ला घेतला! हे ऐकताच मी आणि बायको एकदमच म्हणालो, "कोंडाजी फर्जंद!" मग परतीच्या वाटेवर गाईडला साठ मावळ्यांनी १६७३ मध्ये पन्हाळा कसा घेतला ते सांगितलं. त्याने नाव दोनदा म्हणवून घेतलं.

* * *

आईचे गुडघे दुखतात. बुरुजांचे जिने अरुंद, गोल आणि पावसात निसरडे, त्यामुळे ती खाली धक्क्यावरच बसली. तिथलं जेमतेम सहा फूट रुंदीचं लाल घर तिला किल्ल्यापेक्षा आवडलं. आमच्या सहलीत कायर्नारवनच्या किल्ल्याला फक्त चाळीस मिनिटं दिली. रंगीत दगडांचे पट्टे असलेले ते बहुकोनी बुरूज एवढ्या वेळात बघून होत नाहीत, अजून चुटपुट लागून आहे. बुक करताना प्रत्येक थांब्याला किती वेळ आहे ते नक्की विचारा.

* * *

स्नोडन डोंगर (१०८५ मीटर, तिथले लोक 'अर विद्वा' म्हणतात) आम्हाला दिसलाच नाही. दिवसभर ढग. पण लॅनबेरिसला दोन तळ्यांच्या मध्ये डोलबादार्न किल्ला आहे, तो चुकवू नका. एकच गोल बुरूज, पन्नासेक फुटांचा, बाकी नुसते पायाचे दगड. हा मात्र वेल्श राजाने, थोरल्या लुवेलिनने बांधलेला. समोर स्लेटच्या खाणीने पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला काळाजांभळा डोंगर. ओल्या गवतातून थोडंसं चढायचं, तिकीट नाही. बुरुजाच्या आत उभं राहिलं की वरून फक्त पाऊस ऐकू येतो. बऱ्याच बस इथे न थांबता पुढे जातात, म्हणून गाईडला सकाळीच सांगून ठेवा.