मस्टँगच्या पंखावर रेषा कोरण्याआधी

पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या जुन्या १/७२ मापाच्या प्लास्टिक मॉडेल किटवरच्या उठावाच्या रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या) घासून सगळीकडे नव्याने कोरायच्या, असा बेत तुम्ही लिहिलाय. फ्युजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, खुशाल कोरा. पंखावर मात्र जरा थांबा.

मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लोचा. हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वर चंदेरी रंग मारत. म्हणजे तिथे रेषा दिसायलाच नकोत! बंदुकांची आणि दारूगोळ्याची झाकणं, फ्लॅप, एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) एवढंच कोरा. त्या पंखाला उघड्या धातूचा चकचकाटही देऊ नका, साधा अॅल्युमिनियम रंग बरा. (काही नव्या महागड्या किटमध्येही पंखभर रिव्हेट असतात, दिसायला छान, पण खोटे.)

रुंदीचा हिशेबही बघा. १/७२ मध्ये ०.२ मिमीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटिमीटरची फट. म्हणून सुई पिन व्हाइसमध्ये (बारीक हत्यार पकडायच्या छोट्या मुठीत) धरून हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढा, पहिल्या दोन फेऱ्यांत तर जवळजवळ वजन न देता. मार्गदर्शनाला डायमोची जाड लेबल टेप लावा, साधी मास्किंग टेप सुईखाली दबते आणि रेष भरकटते. घसरलंच तर पुट्टीपेक्षा सुपरग्लू भरा, पण तासाभरात घासून घ्या. पूर्ण मुरला की तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पुढची रेष तिथे हमखास वाकडी जाते.

रेषांत मुरवायचा पातळ रंग, म्हणजे वॉश, काळा नको, गडद करडा घ्या.