१९७१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन, तेही साखर कारखान्यासाठी?

श्रीरामपूरकर
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या बर्मिंगहॅमला असतो. मागच्या उन्हाळ्यात टॅमवर्थजवळ स्टॅटफोल्डला गेलो होतो. तिथे छोट्या रुळांवरच्या इंजिनांचा मोठा संग्रह आहे. त्यातल्या एका बुटक्या इंजिनाचं नाव ‘त्रांगकिल नंबर ४’. पाटी वाचायला वाकलो: हन्सलेट, लीड्स, ३९०२, १९७१. साल पुन्हा एकदा वाचलं. जावा बेटावरच्या त्रांगकिल साखर कारखान्यासाठी लीड्समध्ये बांधलेलं हे इंजिन २००४ मध्ये इंग्लंडला परत आणलं, असं तिथे कळलं.

माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर वाफेचं इंजिन कोणी कशाला मागवेल? आणि ते नव्याने आखलं असेल की जुन्याच नमुन्यावरून?

विचारण्याचं कारण घरचं आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. मळ्यातून ऊस ओढणाऱ्या इंजिनाबद्दल सांगताना ते गुडघ्याजवळ हात धरायचे, “एवढंच चाक, पण काय ताकद!” त्यांच्या पत्र्याच्या डबीत बाटलीच्या बुचासारखी लहान बुचं आहेत, प्रत्येकाच्या मधून वेताची काडी आरपार गेलेली. ती कशाची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

गव्हाण
श्रीरामपूरकर, मी साखर कारखान्यात ३१ वर्षं बॉयलरवर होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चिपाडात आहे. १०० टन ऊस गाळला की २८-३० टन चिपाड हाती येतं. त्यात निम्मं पाणी असतं, तरी ते पेटतं. डिझेल विकत आणायचं की आपल्याच आवारात डोंगराएवढं पडलेलं जळण वापरायचं? शिवाय वाफेचं काम कारखान्याला नवं नसतं. फिटर आहेत, नळ्या बदलणारे आहेत, भट्टीपुढे उभं राहणारे आहेत. हंगाम संपला की इंजिन खोलायला पुढचे काही महिने मोकळेच.

जावात इंजिनाच्या मागे चिपाडाने भरलेला डबा जोडलेला असायचा. चिपाड भुर्रकन जळतं, त्यामुळे भट्टीत टाकणाऱ्याला उसंत नाही. ठिणग्याही फार उडतात. बाजूला वाळलेला पाचोळा आणि उभा ऊस, म्हणून तिकडच्या कित्येक इंजिनांच्या धुराड्याला भोपळ्यासारखा फुगवटा असतो, आत ठिणग्या अडवायची सोय. फडात इंजिन जात नसे. फडातले रूळ हाताने उचलून हलवायचे असत आणि भरलेल्या गाड्या बैल किंवा रेडे मुख्य रुळापर्यंत ओढून आणत.

रूळवेडा
काकांनी जळणाचं सांगितलं, मी वंशावळ सांगतो. तुम्ही पाहिलेलं इंजिन ०-४-२ सॅडल टँक. आकडे चाकांचे: पुढे आधाराची चाकं नाहीत, मध्ये ओढणारी चार, मागे दोन. सॅडल टँक म्हणजे पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. मुळात तो स्टोक-ऑन-ट्रेंटच्या केर स्टुअर्ट कंपनीचा ‘ब्राझील’ नमुना. त्याच घराण्यातली ‘प्रीमियर’ आणि ‘लीडर’ ही १९०५ ची इंजिनं केंटमध्ये सिटिंगबर्नच्या कागद गिरणीत राबली. केर स्टुअर्ट १९३० मध्ये बंद पडली आणि तिचे नकाशे हन्सलेटकडे गेले. (स्पिटफायर विमान आखणारा रेजिनाल्ड मिचेल याच केर स्टुअर्टमध्ये उमेदवारी करून शिकला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.) म्हणजे १९७१ सालचं तुमचं इंजिन निदान ६६ वर्षं जुन्या आखणीवरचं. हन्सलेटने त्या काळात बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन.

ही आखणी एवढी टिकली, कारण ती कामाला चोख बसते. मूळ आखणीत वेगळा टेंडर (मागचा जळण-पाण्याचा डबा) नाही, त्यामुळे फिरवावं लागत नाही, दोन्ही दिशांना सारखंच धावतं. टाकीतल्या पाण्याचं वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं, पकड मिळते. मागची दोन छोटी चाकं केबिनचा भार घेतात. खोट एकच: बॉयलरवर बसून टाकीतलं पाणी तापतं, आणि फार गरम पाणी इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) उचलत नाही.

आणि १९७१ चं नवल नको. आपल्या चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर पडलं आणि मीटरगेजचं शेवटचं १९७२ मध्ये.

नेरळकर
माथेरानची जुनी इंजिनंही याच जातीच्या कारखान्यातली. ऑरेनस्टाइन उंड कोपेल ही जर्मन कंपनी जगभरच्या मळ्यांना आणि खाणींना छोटी इंजिनं पुरवायची. आमच्याकडची ०-६-० टँक. वळणं घेता यावीत म्हणून पुढचा आणि मागचा आस बाजूला सरकणारा, त्याला क्लीन-लिंडनर म्हणतात. पंचक्रोशीतली पोरं त्या चाकांकडे बघतच मोठी झाली.

आता बुचं. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर तेलाच्या वाट्या असतात, त्यांच्या तोंडाला ही बुचं. नुसतं बूच घट्ट बसवलं तर हवा आत जात नाही आणि तेल खाली उतरत नाही. वेताच्या काडीतून हवा झिरपते, तेल थेंबाथेंबाने उतरतं आणि दांडी हलली तरी सांडत नाही. तुमचे आजोबा इंजिनाचेच फिटर असणार.

श्रीरामपूरकर
नेरळकर, मनापासून आभार. आत्ताच आईला फोन करून डबी उघडायला लावली. नऊ बुचं आहेत. वास घेऊन बघ म्हटलं, तर म्हणाली, “अजून तेलकट येतोय रे.” एक बूच ती बहिणीबरोबर पाठवतेय. ते खिशात घेऊन मी सिटिंगबर्नला जाणार, ‘प्रीमियर’च्या वाटीला बसतं का बघायला.




गव्हाण
बसलं तर इथे कळवा. फोटोही टाका.