मनगटाच्या फिल्मवर जन्मतारीख छापलेली नसते

रानजाई: इंग्लंडमध्ये आश्रय मागायला एकट्याने येणाऱ्या मुलांबद्दल खडकवाट यांनी काल लिहिलं, "हाताचा एक्स-रे काढा, पाच मिनिटांत वय कळतं, सोशल वर्कर वय ठरवायला आठवडेच्या आठवडे गप्पा मारतात." राहवलं नाही म्हणून लिहितेय. ती फिल्म ग्रॉयलिक-पाइलच्या ॲटलासशी, म्हणजे वयानुसार लावलेल्या हाताच्या एक्स-रेंच्या संग्रहाशी, ताडतात. तो ॲटलास १९३०-४०च्या सुमाराच्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून बनला. उपासमार झालेल्या मुलाच्या हाडांची वाढीची टोकं उशिरा जुळतात, म्हणजे तो चुकून लहानही ठरेल. आणि मनगट एकदा पूर्ण जुळलं की पोरगा १८चा की २५चा, हे त्यावरून कळतच नाही.

खडकवाट: मग दाढा बघा, गुडघा बघा, गळ्याजवळचं हाड बघा. वय तपासण्याच्या २०२४च्या सरकारी नियमांत एमआरआयसुद्धा आहे. तुमच्या सोशल वर्करकडे तेवढंही नाही, दाढी आणि नजर बघून ठरवतात. १४ वर्षांच्या मुलाशेजारच्या खोलीत २४चा बाप्या राहायला आला तर जबाबदारी कोणाची?

रानजाई: अक्कलदाढ कित्येकांना येतच नाही. गळ्याजवळच्या हाडाचं टोक विशीत केव्हातरी जुळतं. आणि नुसती दाढी बघून निकाल देऊ नका, हेच २००३च्या मर्टन निकालाने, म्हणजे लंडनच्या मर्टन काउन्सिलविरुद्धच्या खटल्यातल्या निकालाने, सांगितलं. त्यातून आलेली पद्धत अशी: दोन सोशल वर्कर, मुलाच्या बोलीचा दुभाषा, मुलासाठी बसलेली स्वतंत्र प्रौढ व्यक्ती. शाळा कितवीत सुटली, तेव्हा धाकटी बहीण चालायला लागली होती का, असे प्रश्न. विरोधात जाणारा प्रत्येक मुद्दा निकालाआधी मुलासमोर ठेवायचा, त्याचं उत्तर ऐकायचं, मग कारणं लेखी द्यायची. यातली एक पायरी गाळली तरी निकाल कोर्टात अडचणीत येतो. क्रॉयडन काउन्सिलविरुद्धच्या २००९च्या निकालानंतर तर वाद झाला की वय कोर्ट स्वतःच ठरवतं.

मोडीवाचक: खरा घोळ तारखांचा आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. अफगाण मुलगा सांगतो, "दल्व १३८६". दुभाषा १३८६मध्ये ६२१ मिळवतो आणि फेब्रुवारी २००७ लिहून देतो. पण त्यांचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि दल्व हा अकरावा महिना. म्हणजे जन्म २००८च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. १७चा मुलगा कागदावर १८चा झाला! इथिओपियाच्या पंचांगात तर तेरा महिने. त्यांच्या वर्षाच्या सुरुवातीला ७ मिळवायचे, आपला जानेवारी उजाडला की ८.

खडकवाट: जन्मतारीखच सांगता येत नाही, यावर माझा विश्वास नाही.

मोडीवाचक: आपल्याकडे शाळेच्या दाखल्यांवर १ जून किती जणांचा वाढदिवस आहे, बघा जरा. गुरुजींनी टाकलेली तारीख ती. त्या पिढीला कोणी खोटारडं म्हणत नाही.

खडकवाट: १ जूनवाल्याला त्या तारखेवर फॉस्टर घर मिळत नव्हतं.

मोडीवाचक: निवृत्ती मिळत होती! नोकरीचं अख्खं गणित त्याच तारखेवर. विषय भरकटवू नका.

खडकवाट: विषय तुम्ही भरकटवलात.

पाणकळा: दोघंही थांबा. २४चा बाप्या सगळ्यांना दिसतो, उलटी चूक कोणाला दिसत नाही. डोव्हर बंदरात उतरल्यावर चेहरा आणि वागणं बघून "१८च्या बराच वर" असा शेरा पडला की मुलगा थेट प्रौढांच्या राहण्याच्या सोयीत जातो, अनोळखी पुरुषांबरोबर एका खोलीत. मुलांची जबाबदारी असलेल्या स्थानिक काउन्सिलला फोन गेलाच नाही तर मर्टनची पहिली पायरीसुद्धा होत नाही. जुलै २०२५मध्ये सरकारने चेहऱ्यावरून वय सांगणाऱ्या एआयची चाचणी जाहीर केली. १७ आणि १८मधला फरक चेहऱ्यावर कुठे असतो? समुद्र ओलांडून आलेला चेहरा तर आणखीच थोराड दिसतो.

खडकवाट: बरं, नुसत्या मनगटावर ठरवू नये, एवढं मान्य. पण निकाल लागेपर्यंत त्याला लहान मुलांच्या घरात ठेवू नका, यावरून मी हटणार नाही.

रानजाई: ते मलाही मान्य आहे. शंका असेल तर वेगळी खोली, दाराला कुलूप, रात्री जागा असलेला कर्मचारी, आणि तरीही काउन्सिलच्या बाल-विभागाखालीच. प्रौढांच्या हॉटेलात नाही.