१५ हजारात लग्न करणाऱ्यांपुढे स्टुडिओवाल्याने रेट काय लावायचा?

कराडचा_स्टुडिओवाला:
मंडळी, कराडात आमचा वडिलांपासूनचा स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की बुकिंगं सुरू होतात, तशी यंदाही झाली, पण निम्मी लोकं रेट ऐकून "बघतो, कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. हळद आणि लग्न मिळून आमचे ६० हजार, त्यात कँडिड (नकळत टिपलेले फोटो), ट्रॅडिशनल (उभं करून काढलेले), व्हिडिओ, अल्बम सगळं आलं. एक कॉलेजचा पोरगा १५ मध्ये करतोय, एकच बॉडी म्हणजे कॅमेरा, त्याच्यासोबत येते ती साधी किट लेन्स, फ्लॅशही भाड्याचा. परवा एका लग्नाला पाहुणा म्हणून गेलो तर अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या आणि हा स्टेजखाली करवल्यांची रील काढतोय! हार घालतानाचा फोटो शेवटी कुणा मामाच्या मोबाईलमधून घेतला. तरी पार्टी खूष. बारशी-साखरपुडे तर हातचे गेलेच, आता लग्नाचाही रेट पाडू का?

नगरी_नाना:
पाडू नका. एकदा ४० ला केलं की पुढच्या सीझनला लोक ४० वरून घासाघीस सुरू करतात. आणि खरं सांगू का, ही पोरं आभाळातून पडलेली नाहीत. मे महिन्यात एका तारखेला तीन ऑर्डरी घेतल्या की आपणच त्यांना दीड हजार रोजावर उभं करतो आणि वर पैसे दोन महिने लटकवतो. रोलच्या जमान्यात ३६ फोटोंना रोल संपायचा, चुकलं की खिशाला चाट, त्यामुळे हौशी माणूस लग्नाच्या वाटेला जायचा नाही. २००३ ला कॅननचा ३००डी हा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरच्या आत आला, रोलचा खर्चच संपला, तिथून ती भीती गेली ती गेलीच.

मुलीचा_भाऊ:
गिऱ्हाईक म्हणून बोलतो. बहिणीच्या लग्नात आम्ही स्वस्तातलाच घेतला. फोटो बरे आले, खोटं कशाला बोलू. पण अल्बमच येईना, फोन उचलेना, मग कळलं पठ्ठ्याला पुण्यात नोकरी लागली. घरी गेलो तर त्याची आई म्हणते हार्डडिस्क कपाटात आहे पण किल्ली त्याच्याकडे! पण स्टुडिओवाल्यांचंही एक आहे, आम्हाला कोटेशन काय तर "फुल पॅकेज ७०". त्यात काय काय विचारलं तर "तुम्ही काळजी करू नका". असं म्हटल्यावर माणूस काळजीच करणार ना.

हप्त्यावरचा_कॅमेरा:
मी पण १५ वालाच. दादा, मला साठ कोण देणार? माझ्याकडे येतात त्यांचं बजेटच २० च्या वर नसतं, ते तुमच्या पायऱ्या चढलेच नसते. बॉडीला मेमरी कार्डाचा स्लॉट एकच, ते कार्ड गेलं तर सगळे फोटो गेले, म्हणून लग्न झालं की डेटा कॉपी होईपर्यंत जेवण जात नाही.

नगरी_नाना:
@हप्त्यावरचा_कॅमेरा, लेन्स राहू दे, आधी दोन स्लॉटची बॉडी घे. @कराड, कोटेशन फोडून द्या, माणसं किती, बॅकअप किती ठिकाणी, अल्बम कोणत्या तारखेला. आणि लेखी करा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे आपल्या इन्स्टावर टाकायचे असले तरी आधी लिहून घेतलेलं बरं.

कराडचा_स्टुडिओवाला:
कोटेशनचं पटलं. साखरपुडे-बारशांना छोटं पॅकेज काढतो, पण माणूस लागेल. @हप्त्यावरचा_कॅमेरा, तू कुठला? रोज काय घेशील?

हप्त्यावरचा_कॅमेरा:
उंब्रज. तीन हजार, आणि त्याच रात्री गूगल पे.