प्रति: स्टॅटिस्टिक्सचे व्हिडिओ आणि नर्सिंगच्या मुली

वर कुणीतरी म्हटलंय की व्हिडिओ लावला की मुली झोपा काढतात. नुसता लावून दिला तर झोपणारच हो, पण पडद्यावरचा आकडा त्यांच्या हाताने हलला की चित्रच बदलतं. मी बीएस्सी नर्सिंगला शिकवते, जिओजेब्रा हे गणिताचं ॲप फुकट आहे, मोबाइलवरही चालतं, त्यात सात पेशंट किती दिवस ॲडमिट होते त्याचे ठिपके टाकले, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, आणि शेवटचा ठिपका एका मुलीला ओढत ३२ वर न्यायला लावला तर सव्वाचारच्या आसपासची सरासरी सरकत सरकत थेट ८ वर गेली, मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ४ वरच! मागून आवाज आला, "मॅडम, हा बेडसोरवाला पेशंट असणार." (बेडसोर म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, मुक्काम लांबतोच.) बास, समजलं त्यांना.

आणि फ्लोरेन्स नाइटिंगेलचा १८५८ चा पाकळ्यांचा आलेख जरूर दाखवा, पण एकदम नाही, एकेक महिन्याची पाकळी उघडत न्या. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच कितीतरी जास्त सैनिक गेले हे त्या मोठमोठ्या निळ्या पाकळ्यांत दिसायला लागलं की वर्ग गप्प होतो. त्यांच्याच पेशातली बाई आहे ना ती!

व्हिडिओतला आवाज मात्र स्वतःचा, मराठीत रेकॉर्ड करा, नाइट ड्युटीवरून आलेल्या मुली हॉस्टेलवर परत ऐकतात.