बांधकाम तंत्रज्ञानातील एम.टेक.: कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यावा?

प्रश्न:
स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीनंतर दोन वर्षे गृहप्रकल्पाच्या साइटवर काम करून मी यंदा पुण्यात बांधकाम तंत्रज्ञान व व्यवस्थापन या विषयाच्या एम.टेक.ला प्रवेश घेतला आहे. पहिली दोन सत्रे वर्गांची आणि नंतरची दोन प्रबंधाची आहेत. प्रगत काँक्रीट तंत्रज्ञान, करार व लवाद, फॉर्मवर्क (काँक्रीट ओतण्याचे साचे व त्यांचे आधार) आणि बीआयएम (इमारतीचे संगणकीय माहिती-प्रारूप) हे ऐच्छिक विषय असून त्यांतील तीन निवडायचे आहेत. प्रबंध फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीज केंद्रांतील कोळशाच्या बारीक राखेच्या) काँक्रीटवर करण्याचा विचार आहे. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेवर मिळणारी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती दोनच वर्षे मिळत असल्याने मुदतवाढ परवडणारी नाही. विषयांचा क्रम कसा लावावा?

उत्तर १:
प्रबंध सादर करण्याची तारीख धरून मागे मोजत यावे. फ्लाय ॲशमुळे काँक्रीटची ताकद सावकाश वाढते, त्यामुळे २८ दिवसांच्या निकालावर थांबून भागत नाही. ५६ आणि ९० दिवसांचे क्यूबही (काँक्रीटचे चाचणी ठोकळे) ताकद मोजण्यासाठी फोडावे लागतात. फ्लाय ॲशविना एक आणि वेगवेगळ्या प्रमाणांची चार अशी पाच मिश्रणे, ७ दिवस धरून चार वये आणि प्रत्येक वयाला तीन क्यूब म्हटले, तरी ६० क्यूब होतात. १५० मिमीचा क्यूब आठ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे जवळपास अर्धा टन काँक्रीट, आणि तेही आयएस १०२६२ : २०१९ या भारतीय मानकाप्रमाणे ट्रायल मिक्स (प्रमाण ठरवण्याचे चाचणी मिश्रण) जमल्यावरचे. साचे दिवसभर अडकून राहतात आणि बी.टेक.च्या मुलांची प्रात्यक्षिकेही त्याच साच्यांवर चालतात, हे कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते.

म्हणून प्रगत काँक्रीट पहिल्याच सत्रात घ्यावे, दुसऱ्या सत्राच्या अखेरीस खडी-वाळूच्या चाचण्या आणि ट्रायल मिक्स उरकावेत आणि तिसरे सत्र सुरू होताच क्यूब भरायला घ्यावेत. तेच काम जानेवारीत सुरू केले, तर शेवटचा निकाल एप्रिलमध्ये येतो आणि एखादे मिश्रण फसल्यास दुरुस्तीला वाव उरत नाही. सिमेंट ओपीसीच (साधे पोर्टलंड सिमेंट) घ्यावे. पीपीसीमध्ये (पोझोलाना पोर्टलंड सिमेंट) मुळातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते, त्यामुळे तुमची टक्केवारी निरर्थक ठरेल.

उत्तर २:
काँक्रीटच्या वेळापत्रकाबद्दल दुमत नाही, परंतु साइटचा अनुभव गाठीशी असताना करार व लवाद हा विषय सोडू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. तो दुसऱ्या सत्रात घ्यावा. आर.ए. बिले (चालू कामाची टप्प्याटप्प्याची देयके), मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि कामाला झालेला उशीर तुम्ही जवळून पाहिला आहे. त्यावरून मुदतवाढीचा किंवा भाववाढीचा दावा कसा उभा राहतो, हे वर्गात तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उमजेल. फॉर्मवर्कही घ्यावा, कारण आधारांवर येणाऱ्या भाराचे गणित साइटवर सहसा कोणी शिकवत नाही. बीआयएमचे सॉफ्टवेअर नोकरीतही शिकता येते.

पुढेमागे प्रबंध व्यवस्थापनाकडे वळवावासा वाटला, तर प्रश्नावली वाटून उशिराच्या कारणांची क्रमवारी लावणारा प्रबंध कृपया करू नये. तसे ढिगाने झाले आहेत. प्रकल्पाचे मूळ वेळापत्रक आणि दरमहाचे प्रगती अहवाल वापरण्याची लेखी परवानगी आधी मिळवावी. ती मिळाली, तरच विषय पक्का करावा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. बीआयएम वगळतो. तो एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर केल्यास श्रेयांक मिळतील का?

उत्तर १:
विभागाने आधी मान्यता दिली, तरच मिळतील. एनपीटीईएलची सत्रे जानेवारी व जुलैमध्ये सुरू होतात. जानेवारीचे निवडावे, कारण जुलैनंतर तुमचे दिवस साच्यांपाशीच जातील.